टेबल तपासणारे काका

बटाट्यांना व्यायाम करायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्या माणसाचा मला अजून राग येतो. बटाट्यांमुळे नव्हे. बटाट्यांवर आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आता माझी पासष्टी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले. नातवंडं टेबल-टेनिस खेळून येतात आणि विचारतात, ‘आजी, तू पण खेळायचीस म्हणे?’ तेव्हा तो राग नव्यानं उफाळून येतो. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

बाबांची बँकेची नोकरी, दर तीन वर्षांनी बदली. मी तेरा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून कलकत्त्याला आलो आणि बेहालात एका बंगाली घरमालकाच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. तिथल्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं. आमच्यासारखी बदलीवर आलेली माणसं आणि तीन-तीन पिढ्या कलकत्त्यात मुरलेली घरं, अशी दोन्ही प्रकारची मंडळी तिथं असत. मंडळाचा एक हॉल होता. त्यात गणपती बसे, हळदीकुंकू होई, नाटकाच्या तालमी चालत आणि उरलेले दिवस सतरंज्या आणि झुरळं नांदत. मग कुणा दानशूर गृहस्थांनी देणगी दिली आणि ठरलं की हॉलमध्ये व्यायामाची यंत्रं आणि खेळांची टेबलं आणायची. निवड करायला तिघांची समिती नेमली. एक मंडळाचे अध्यक्ष, केंद्र सरकारातले बडे अधिकारी. पोटही हुद्द्याला शोभेसं. दुसरे माझे बाबा, कारण ते मंडळाचे सेक्रेटरी होते. आणि तिसरे हे काका, कारण त्यांना लाकडातलं कळायचं.

काका तसे कुणाचेच सख्खे काका नव्हेत. जन्म कलकत्त्याचा, आजोबा कधीतरी रत्नागिरीकडून आलेले. मराठी आपल्यासारखंच बोलत, फक्त चिडले की बंगालीत शिरत. आयुष्यभर रेल्वेत रुळांखालचे लाकडी स्लीपर तपासायची नोकरी केली. जंगलातून आलेल्या सालवृक्षाच्या लाकडांचे ढीग पडलेले असायचे. एकेक स्लीपर हातोडीनं ठोकायचा, कान लावून ऐकायचं आणि पसंत पडला तर त्यावर ठसा मारायचा. निवृत्त झाल्यावर हातोडी सरकारजमा केली, पण बोटं घरी आली ना! ती थांबेनात. कुणाच्या घरी गेले की आधी दारावर, मग खुर्चीवर, मग टीपॉयवर टकटक करून पाहत आणि यजमानांच्या तोंडावर सांगत, ‘नापास.’ पाठीमागे त्यांना सगळे नापासकाकाच म्हणत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘लाकूड खोटं बोलत नाही. बोलतं ते वॉर्निश.’

काकू बिचाऱ्या सोशिक. एकदा त्यांचा पोळपाट चिरला. काकांनी नवा आणायला म्हणून बाजार पालथा घातला आणि अकरा पोळपाट नापास करून हात हलवत परत आले. तीन महिने काकू उपड्या परातीवर पोळ्या लाटत होत्या. आई त्यांना म्हणाली, ‘अहो, मग तुम्हीच का नाही आणत एखादा?’ काकू म्हणाल्या, ‘आणीन हो. पण तो पोळपाटही घरात येणार आणि हेही घरातच असणार!’

तर बटाटे.

अध्यक्षांच्या मनात एक यंत्र भरलं होतं. उभा खांब, वर विजेची मोटर आणि तिला जोडलेला कापडी रुंद पट्टा. तो कमरेमागून घ्यायचा, बटण दाबायचं, उभं राहायचं. पट्टा गदागदा हलवतो आणि चरबी झडते. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी त्याचं चित्र पाहिलं होतं. त्या काळी मायदेशी परत चाललेल्या साहेबलोकांच्या सामानाचे लिलाव कलकत्त्यात रविवारी सकाळी होत असत. तिथं तसं यंत्र आलंय असं कळलं, तेव्हा समिती निघाली. मीही हट्टानं गेले, कारण तिथं टेबल-टेनिसचं टेबल असेल अशी मला आशा होती.

काका पिशवीतून पाच किलो बटाटे घेऊन आले होते. आम्हाला वाटलं, बाजार करून आले असतील. त्यांनी लिलावातल्याच, विकायला ठेवलेल्या तराजूवर पिशवी तोलली, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं, पट्ट्यात अडकवली आणि तिथल्या कारकुनाला म्हणाले, ‘चालाओ.’ पंधरा मिनिटं बटाटे थरथरत होते. लिलावाला आलेली माणसं पियानो आणि कपाटं सोडून आमच्याभोवती जमली. मग काकांनी पिशवी पुन्हा तोलली. वजन तेवढंच.

‘सालं निघाली थोडी,’ पिशवीत हात घालून ते म्हणाले. ‘साहेब, चरबीला हे यंत्र हातही लावत नाही. कातडीचं काय करतं ते बघा.’

‘अहो, बटाटे आणि माणूस यांत काही फरक आहे की नाही?’ अध्यक्ष लालबुंद झाले.

‘आहे ना. बटाटे खोटं कौतुक करत नाहीत.’

अध्यक्ष तिरीमिरीत स्वतःच पट्टा लावून उभे राहिले. बटण दाबलं आणि दोन मिनिटांत वीज गेली. कलकत्त्यात तेव्हा वीज जाण्याचं कुणाला नवल नव्हतं, पण भर लिलावात पट्ट्यात अडकून उभे असलेले अध्यक्ष ही गोष्ट मंडळात वर्षभर पुरली. काकांमुळे झालेली ही फजिती अध्यक्ष कधीच विसरले नाहीत. विसरायला हवं होतं, पण मोठ्या माणसांचं मन नेहमीच मोठं असतं असं नाही.

त्याच दिवशी काकांनी एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल मात्र पसंत केली. धोतर खोचून वीस मिनिटं चालवली, साखळीला कान लावला, उतरले आणि म्हणाले, ‘पास.’ पुढे त्या सायकलवर मंडळातल्या बायका दुपारी बसायच्या आणि पाय फिरवता फिरवता वाटाणे सोलायच्या. मला वाटतं, तिचा तेवढाच उपयोग झाला.

टेबल-टेनिसचं टेबल मात्र तिथं नव्हतं.

इथून माझी गोष्ट सुरू होते. नागपूरला शाळेत मी हा खेळ शिकले होते आणि बरी खेळत होते. बरी कसली, चांगली खेळत होते. खोटा विनय कशाला? कलकत्त्याच्या माझ्या शाळेत टेबलच नव्हतं. येत्या हिवाळ्यात राज्याच्या मुलींच्या संघाची निवड होणार होती, पंधरा वर्षांखालच्या. पुढच्या हिवाळ्यात मी वयात बसणार नव्हते. म्हणजे काय ती ही एकच संधी. संघात यायचं या एका गोष्टीखेरीज मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. मंडळाचं टेबल येईल, तिथं रोज खेळता येईल, असं बाबांनी सांगितलं होतं. आणि टेबल आणायचं होतं काकांनी!

पाच महिने लावले त्या माणसानं. पाच महिने! एस्प्लनेडच्या खेळांच्या सामानाच्या दुकानांत त्यांना यायला बंदी करावी इतका त्रास दिला. खिशात एक चेंडू आणि एक पोलादी पट्टी. टेबलावर खडूनं चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनात बारा इंचांवरून चेंडू सोडायचा. तो नऊ इंच उसळला पाहिजे. साडेआठ उसळला की नापास. एका दुकानदारानं शेवटी हात जोडले. ‘मोशाय, टेबिल किनबेन, ना बिये कोरबेन?’ टेबल विकत घेणार आहात की त्याच्याशी लग्न करणार आहात, असं विचारलं बिचाऱ्यानं. काका म्हणाले, ‘लग्नातही एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं.’ हे त्यांनी घरी जाऊन काकूंनाही सांगितलं, म्हणजे बघा.

तोपर्यंत मी घरी जेवणाच्या टेबलावर खेळत होते. मधे स्टीलच्या डब्यांची रांग हेच जाळं. पलीकडे बाबा, एका हातात बॅट आणि दुसऱ्या हातात चहाचा कप. खालून घरमालक ओरडायचे, वरून आई. मी रात्रंदिवस काकांना शिव्या घालत असे. दुकानात असलेली सगळी टेबलं चांगलीच होती हो! अख्खं कलकत्ता त्यांवर खेळत होतं. मला साडेआठ चाललं असतं. मला आठही चाललं असतं.

शेवटी आमच्या बेहालातच एका मिस्त्रीच्या कारखान्यात त्यांनी टेबल करून घेतलं. रोज तिथं जाऊन बसत. मिस्त्रीनं दोनदा वरचा पाट काढून पुन्हा बसवला. तिसऱ्या वेळी काकांनी सगळे चौकोन तपासले आणि टेबलाखाली झोपून पेन्सिलीनं ‘पास’ लिहिलं. मिस्त्री म्हणे रडला. आनंदानं की सुटकेनं, ते त्यालाच माहीत.

टेबल मात्र असं होतं की काय सांगू! त्यावर पडलेला चेंडू कुठंही पडो, सारखाच वर येई, आणि आवाजही सारखाच. मी मुकाट्यानं मान्य केलं. मनातल्या मनात; त्यांच्यासमोर नव्हे.

काकांनी जन्मात कधी बॅट हातात धरली नव्हती. तरी रोज संध्याकाळी जाळ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसत, डोळे मिटून. बघतच नसत. मंडळातली दोन-चार मुलं, कधी बाबा, माझ्याशी खेळत. माझा फटका चुकला की खुर्चीतून आवाज येई, ‘टेबल बरोबर. तू चूक.’ अंगाचा तिळपापड होई. पण त्यांची एक शिस्त त्यांनी माझ्या अंगात मुरवली. खेळायच्या आधी टेबलावरून तळहात फिरवायचा, चारी कोपऱ्यांत चेंडू सोडायचा आणि मग मोठ्यानं म्हणायचं, ‘टेबल ठीक.’ ते म्हटल्याशिवाय पहिला चेंडू मारू देत नसत.

‘आणि ठीक नसेल तर?’ मी एकदा विचारलं.

‘तर आधीच सांगायचं. हरायला लागल्यावर सांगतो तो रडका.’

भाद्रपद आला. गणपतीच्या चौथऱ्याचं काम मंडळानं शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलं होतं. नेमका आदल्या दिवशी शहरभर बंद पाळला गेला. ट्रक नाही, हातगाडी नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौथरा तिकडेच. चतुर्थीला सकाळी मूर्ती दारात आणि ठेवायला जागा नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘ते टेबल आहे की एवढं मोठं! चौथरा येईपर्यंत ठेवा त्यावर.’ बाबांनी मान हलवली. मूर्ती टेबलावर गेली. तेवढ्यात गुरुजी आले, मुहूर्त टळतोय म्हणून घाईनं बसले आणि प्राणप्रतिष्ठा करून मोकळे झाले. आता झाली ना पंचाईत! प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही.

काका आले आणि दारातच थबकले.

‘कुणी ठेवला?’

‘अहो, देव आहे तो,’ अध्यक्ष म्हणाले.

‘देवाला माझा विरोध नाही. पण टेबल करून घेताना मी देवाचं वजन धरलं नव्हतं. काढा.’

‘काढता येत नाही,’ गुरुजी म्हणाले. ‘शास्त्र आहे.’

‘मग टेबलाचंही शास्त्र आहे! धुर छाई!’ आणि पुढचं सगळं बंगालीत. बायकांनी कानांवर हात ठेवले.

दहा दिवस तो माणूस गणपतीसमोर बसून होता. लोकांना वाटलं, केवढी भक्ती! तो पहारा करत होता. समईखाली ताट, ताटाखाली जाड फडकं, त्याखाली टीपकागद. ओल्या दूर्वा कुणी टेबलावर ठेवल्या की हा गृहस्थ उचलून पुसणार. माझी दहा दिवसांची प्रॅक्टिस बुडाली त्याबद्दल अवाक्षर नाही. काळजी सगळी टेबलाची. मी कोपऱ्यात बसून दोघांवरही चिडत होते, त्यांच्यावर आणि अध्यक्षांवर. गणपतीवरही थोडी.

एवढं करूनही व्हायचं ते झालंच. विसर्जनाला ‘मोरया’च्या गजरात मूर्ती उचलताना कुणाचा तरी धक्का लागला आणि समई कलंडली. तेल टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात सांडलं आणि सांध्यातून आत मुरलं. दुसऱ्या दिवशी काकांनी तिथं चेंडू सोडला. इतर ठिकाणी टक्क वाजायचा तो तिथं थप्प वाजला आणि सहा इंचांवरच मेला. काकांनी त्या कोपऱ्यावरून तळहात फिरवला. मग समितीला म्हणाले, ‘टेबल नापास. पाट बदला.’

‘एवढ्याशा कोपऱ्यासाठी?’ अध्यक्ष म्हणाले. ‘मुलं खेळतील हो. मुलांना काय कळतंय!’

पाट काही बदलला नाही. त्या दिवशी मला अध्यक्षांचा असा संताप आला होता की त्यांना पट्ट्यात बांधून चार तास ठेवावं. पण काकांनी केलं ते आणखी विचित्र. त्यांनी त्या कोपऱ्यात खडूनं गोल काढला आणि फर्मान काढलं की गोलात पडलेला चेंडू धरायचा नाही, पॉइंट पुन्हा खेळायचा. कोपऱ्यात चेंडू थप्प वाजला की खुर्चीतून आवाज आलाच, ‘पुन्हा.’ मी जिंकलेला पॉइंट असो की हरलेला, ‘पुन्हा.’ तीन महिने मी हा ‘पुन्हा’ ऐकला. झोपेतही दचकून उठायची मी.

थंडी पडली आणि निवडीचे सामने आले. मैदानाजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये सहा टेबलं मांडली होती. आमचं अर्धं मंडळ आलं होतं. बायकांनी बरोबर डबे आणले होते. एकेक फेरी जिंकत मी शेवटपर्यंत आले. संघात एकच जागा उरली होती आणि ती माझी तरी होणार होती, नाहीतर बराकपूरच्या एका मुलीची. काटकुळी, माझ्याच वयाची. एका कॅनव्हासच्या बुटाचा अंगठा फाटलेला. पहाटेच्या गाडीनं आईला घेऊन सियालदा स्टेशनवर उतरून आली होती. खेळायची मात्र जबरदस्त.

पहिला गेम ती जिंकली. दुसरा मी. तिसऱ्यात ती पुढे होती, मग आम्ही बाजू बदलल्या आणि मी सुटले. सात-दहावरून अठरा-बारा! तिला काही म्हणता काही उचलता येईना. आमच्या लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. आणखी तीन पॉइंट! मी संघात जवळजवळ गेलेच होते.

इतका वेळ काका वर गॅलरीत बसले होते. ते कधी खाली आले मी पाहिलं नाही. एकदम पंचाच्या शेजारी उभे दिसले, हातात ती पट्टी.

‘खेला थामान,’ ते म्हणाले. खेळ थांबवा.

पंच खेकसला. काका हलेनात. ‘या टेबलात दोष आहे,’ एवढंच पुनःपुन्हा सांगत राहिले. बाबा धावत आले, अध्यक्ष आले, आयोजक आले. कुणी हसलं, कुणी दंड धरून बाहेर काढायला निघालं. शेवटी वैतागून एका आयोजकानं स्वतःच काकांनी दाखवलेल्या कोपऱ्यात चेंडू सोडला. थप्प. पट्टी लावली. सहा इंच. परत सोडला. सहाच.

निकाल झाला: तिसरा गेम शेजारच्या टेबलावर शून्यापासून पुन्हा.

मी हरले. एकवीस-सतरा. त्या मुलीची आई पदर तोंडावर धरून रडत होती आणि ती मुलगी, काय करावं न कळून, माझ्यापुढे हात करून उभी होती. मी तिचा हात धरला नाही. मी काकांसमोर जाऊन उभी राहिले आणि किंचाळले, ‘रडके कोण, ते कळलं आता! तुमचं तोंड पाहणार नाही मी!’ आईनं मला ओढत नेलं. आणि खरंच, त्या हॉलमधल्या एकाही मराठी माणसाला मी चुकीचं बोलले असं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळाची सभा झाली. अध्यक्ष ज्याची वर्षभर वाट पाहत होते ती संधी आयती चालून आली. ‘हा माणूस घरभेदी आहे,’ ते म्हणाले. ‘आपल्या पोरीच्या ताटात माती कालवली यानं. तीन पॉइंट राहिले होते, तीन! सनक म्हणजे तरी किती असावी?’ एकेक जण उठून बोलला. ज्यांच्या टीपॉयला काकांनी नापास केलं होतं ते सगळे बोलले. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. काका सतरंजीवर ताठ बसून ऐकत होते, बोटं मांडीवर टकटक करत.

मग बाबा उठले. बाबा सभ्य माणूस. ‘काका, मला एवढंच सांगा. दोष होता ना? मग खेळ सुरू व्हायच्या आधी का नाही सांगितलंत? पोर जिंकत असताना का?’

आता इथं मला थांबायला हवं, कारण पन्नास वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना इथपर्यंतच सांगत आले आहे.

सामन्याआधी चेंडू मारून पाहायला दोन मिनिटं दिली होती. मी टेबलावरून तळहात फिरवला. चारी कोपऱ्यांत चेंडू सोडला. एका कोपऱ्यात तो थप्प वाजला. तीन महिने तो आवाज ऐकलेल्या मुलीला तो कळणार नाही तर कुणाला? पंचानं दोघींना विचारलं, टेबल ठीक आहे ना? बराकपूरची मुलगी जाळ्याची उंची बघत होती. तिनं मान डोलावली. आणि मी मोठ्यानं म्हटलं, ‘ठीक.’

दुसऱ्या गेमला तो कोपरा तिच्या बाजूला होता, आणि तो गेम मी त्याच्याच जोरावर जिंकले. तिसऱ्यात बाजू बदलल्यावर ती पुन्हा त्या कोपऱ्याच्या बाजूला आली, आणि मी प्रत्येक चेंडू तिथं नेऊन टाकला. प्रत्येक. तिला कळेना, आपले हात आज असे का चालताहेत. ती आपल्याच बॅटकडे बघायची, आपल्याच फाटक्या बुटाकडे बघायची. मला ते दिसत होतं, आणि मी पुढचा चेंडूही तिथंच टाकत होते.

गॅलरीत डोळे मिटून बसलेल्या त्या माणसाला हे सगळं ऐकू आलं असणार. एक थप्प चुकून पडतो. अकरापैकी अकरा चुकून पडत नाहीत.

काकांनी बाबांच्या प्रश्नावर मान वर केली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या पाठीमागे सरकले. काका एक वाक्य बोलले असते तर सभा तिथंच संपली असती. अध्यक्षांचं तोंड बंद झालं असतं, काकूंना मान वर करता आली असती.

‘आधी तपासायला हवं होतं,’ काका म्हणाले. ‘राहून गेलं. चूक माझी.’

सभेनं त्यांना समितीतून काढलं. महिन्याभरात हॉलमध्ये पट्ट्याचं यंत्र आलं आणि टेबलाचा उपयोग जेवणाची पातेली मांडायला होऊ लागला. काका पुन्हा हॉलवर आले नाहीत. पुढच्या वर्षी बाबांची बदली झाली. आई म्हणाली, जाऊन नमस्कार करून ये, कितीही झालं तरी मोठे आहेत. मी म्हटलं, मी त्या घराची पायरी चढणार नाही. आईला वाटलं, पोरगी अजून रागात आहे.

होतेच रागात. अजून आहे. आयुष्यात कुणाची भीड न धरणाऱ्या, देवालाही ‘काढा’ म्हणणाऱ्या माणसानं माझीच भीड का धरली? सांगायचं होतं चारचौघांत! चौदा वर्षांची होते, रडले असते, महिनाभर तोंड लपवलं असतं आणि मोकळी झाले असते. माझ्या वाटणीची बोलणी स्वतःच्या अंगावर घ्यायचा त्यांना काय अधिकार होता? आणि त्यांच्यावर एवढी चिडणारी मी, मला उठून उभं राहायला कुणी बंदी केली होती?

सभा संपल्यावर आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. काका आणि काकू आमच्यासमोरून चालत गेले. बाबांना वाटलं, मला रडू येतंय. त्यांनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘तुझी काही चूक नाही, बाळ. तू सचोटीनं खेळलीस.’

मी मान डोलावली.